गोल्फ मैदानालगतचे घर: सोलापूरकर खरेदीदाराने काय तपासावे

असे घर पाहायला पहिल्यांदा जायचे असेल, तर मे महिना निवडावा आणि दुपारी दोनच्या सुमारास पोहोचावे. प्रकल्पाचे लोक आपल्याला श्रावण-भाद्रपदात बोलावतात, कारण त्या दिवसांत मुळशी-मावळातला प्रत्येक डोंगर फुकटात हिरवा असतो आणि मैदानाची हिरवळ कोणाच्या पैशाने व कोणत्या पाण्यावर तगली आहे, हे ओळखू येत नाही. सोलापूरच्या माणसाला हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि उजनी धरणातल्या साठ्याची टक्केवारी आपल्याला पगाराच्या तारखेसारखी पाठ असते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली, म्हणजे धरणाच्या तळाशी राखीव राहणाऱ्या मृत साठ्यात, गेली होती. तरीही कमानीतून आत गेले, हातात कोकम सरबताचा पेला आला आणि विजेवरच्या छोट्या गाडीतून हिरवळीची एक फेरी झाली, की भल्याभल्यांचा हिशेब सुटतो.

माझाही सुटला होता. माझी सगळी नोकरी बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासण्यात गेली, म्हणून माझ्या थोरल्या मेव्हण्यांनी निवृत्तीच्या पैशातून पुण्याच्या पश्चिमेला असे घर घ्यायचे ठरवले तेव्हा मला सोबत नेले. "दाजी, तुम्ही नुसते कागद बघा, बाकीचं मी बघतो," असे ते गाडीत म्हणाले. मी घराचे सगळे कागद पाहिले आणि ते चोख होते. मैदानाचे कागद मागायचे मात्र मला सुचले नाही. ते सुचले महिन्याभराने, आणि तोपर्यंत मेव्हण्यांनी टोकनची रक्कम भरली होती. ती परत मिळाली, पण पाच महिन्यांनी आणि 'प्रक्रिया खर्च' म्हणून काही रक्कम कापून. पुढची सगळी माहिती त्या चुकीनंतर गोळा केलेली आहे.

एका दारात तीन वस्तू

गोल्फ किंवा रिसॉर्टच्या वसाहतीत एकाच सौद्यात तीन वस्तू विकल्या जातात: घर, क्लबचे सभासदत्व आणि समोरचा देखावा. किंमत तिन्हींची द्यावी लागते. कायद्याचे संरक्षण मात्र पहिल्या वस्तूला चांगले, दुसरीला अर्धवट आणि तिसरीला जवळजवळ नाही. विक्रेता ज्या मैदानाकडे बोट दाखवून प्रत्येक चौरस फुटामागे जादा दर सांगतो, ते मैदान आपल्या खरेदीखतात कोठेही नसते. म्हणून बोलणी सुरू होताच पहिला प्रश्न असा विचारावा की मैदान कोणत्या गट नंबरांवर आहे आणि त्या गटांचे सातबारे कोणाच्या नावावर आहेत.

उत्तर टाळले जात असेल, तर वाट पाहत बसू नये. सातबारा, आठ-अ आणि फेरफार आता ऑनलाइन मिळतात, आणि महाभूनकाशावर गावाचा नकाशा उघडून गटाची जागा ताडून पाहता येते. मैदानाचे गट तीनपैकी एखाद्या प्रकारात निघतात. काही वेळा ते विकासकाच्या नावावर असतात आणि 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा असतो. म्हणजे कर्ज थकले तर मैदान लिलावात निघू शकते. काही वेळा ते त्याच समूहातल्या वेगळ्या कंपनीच्या नावावर असतात, आणि त्या कंपनीने आपल्याशी कसलाही करार केलेला नसतो. तिसरा प्रकार सर्वांत कच्चा: जमीन शेतकऱ्यांची असून मैदानासाठी ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली असते. मेव्हण्यांनी पसंत केलेल्या प्रकल्पात नऊपैकी चार होलखालची (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून झेंड्यापर्यंतचा खेळाचा एक पट्टा) जमीन अशी होती. पट्ट्याची मुदत संपल्यावर तिथे काय उगवेल, हे सांगायला विक्री कार्यालयात कोणी तयार नव्हते.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', 'खासगी वन', इनाम, वतन किंवा देवस्थान यांपैकी कोणताही शब्द दिसला, तर तिथेच थांबून वकिलाकडे जावे. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि खासगी वनाची नोंद १९७५ च्या कायद्यामुळे बांधकामाच्या मुळावर येते. डोंगराच्या कुशीतल्या प्रकल्पांत ही नोंद फार वेळा आढळते. अकृषिक (बिगरशेती) परवानगी पूर्ण क्षेत्राची आहे की फक्त पहिल्या टप्प्याची, हेही आदेशातले गट नंबर एकेक ताडून पाहावे. बिगरशेती झाली नसताना 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून तुकडा विकला जात असेल, तर १९४८ च्या कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला तो परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि शेतकऱ्यालाही १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची अडचण येऊ शकते. वकिलाकडून मालकी हक्काचा किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि त्यात मैदानाचे गटही घालायला सांगावेत. वकील थोडी जास्त फी मागतील, ती द्यावी.

मंजूर रेखांकनाची (लेआउटची) प्रत हाती आल्यावर रंगीत माहितीपुस्तिका तिच्या शेजारी ठेवावी. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोठ्या रेखांकनात साधारण १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवणे बंधनकारक असते. दोनशे एकरांच्या प्रकल्पात ही जागा झाली वीस एकर. गोल्फचे नऊ होलचे पूर्ण लांबीचे मैदान पन्नास-साठ एकर खाते आणि अठरा होलचे शंभर ते दीडशे. म्हणजे मैदानाचा बराचसा भाग सक्तीच्या मोकळ्या जागेबाहेर असतो, आणि नकाशात तो 'भावी विकास' अशा साध्या दोन शब्दांखाली झाकलेला सापडू शकतो.

महारेराची नोंदणी कशी वाचावी

महारेरा म्हणजे स्थावर संपदा (रेरा) कायद्याखालचे राज्याचे नियामक प्राधिकरण; त्याच्याकडचा नोंदणी क्रमांक आहे एवढ्यावर समाधान मानू नये. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणे बंधनकारक आहे; तो मोबाइलवर उघडला की मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख, चालू असलेले दावे आणि कर्जाची माहिती दिसते. त्यात आपण काय शोधायचे, तर नोंदणीकृत क्षेत्रात मैदान आणि क्लब हाऊस येतात का. टप्प्याटप्प्याने होणाऱ्या प्रकल्पात प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी असते. आपली इमारत एका नोंदणीत, क्लब हाऊस दुसऱ्या नोंदणीत आणि मैदान कोठेच नाही, अशी मांडणी सर्रास दिसते. मग नकाशा बदलायला दोन-तृतीयांश खरेदीदारांची संमती लागते, हे २०१६ च्या रेरा कायद्यातले कलम १४ आपल्या टप्प्यापुरतेच कामाला येते. शेजारच्या न नोंदवलेल्या जमिनीवर विकासकाने मनोरा उभा केला, तर त्या कलमाच्या जोरावर त्याला अडवणे अवघड जाते.

कलम १३ मात्र प्रत्येकाने पाठ करून ठेवावे: नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आज भरलंत तर जुना दर" असे म्हणणाऱ्याला हे कलम शांतपणे सांगावे; दर टिकतो. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून नुकसान झाले तर कलम १२ खाली भरपाई मागता येते, म्हणून माहितीपुस्तिका, व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो आणि दरपत्रक तारखेसह जपून ठेवावे. माझ्या मते करारनाम्यातल्या सुविधांच्या परिशिष्टाइतका महत्त्वाचा कागद दुसरा नाही. त्यात 'जागतिक दर्जाचे गोल्फ मैदान' असे मोघम शब्द न ठेवता होल किती, क्षेत्र किती, कोणत्या गटांवर, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती वर्षे चालवण्याच्या हमीवर, हे लिहून मागावे. विकासक सगळे मान्य करणार नाही, पण तो कोणत्या शब्दाला अडतो यावरून पुष्कळ कळते.

इथे बँकेबद्दलचा एक गैरसमज दूर करतो. बँकेने प्रकल्प मंजूर यादीत घेतला म्हणजे सर्व तपासून झाले, असे लोक धरून चालतात. मी स्वतः अशा फायली पाहिल्या आहेत. आम्ही तारण तपासत होतो, आणि तारण म्हणजे घर. मैदान राहते की जाते, हा त्या फायलीतला प्रश्नच नव्हता.

पाण्याचा हिशेब

आता ज्या गोष्टीत सोलापूरकराला कोणी फसवू नये, तिच्याकडे येतो. मैदानावर बहुतेक ठिकाणी लावले जाणारे बर्म्युडा गवत म्हणजे आपल्या हरळीच्या कुळातले संकरित वाण. गणपतीला दूर्वा वाहतो तीच हरळी, आणि शेतकरी जिला रानातून काढता काढता थकतो तीही तीच. मेव्हण्यांच्या त्या प्रकल्पात आम्ही मेमध्ये गेलो, त्या दुपारी पंपघराजवळ एक माळीकाका बसले होते. ते मूळचे माढ्याकडचे निघाले. "साहेब, ही हरळीच हाय. रानात हिला उपटून उपटून हात सोलले, अन् हितं हिला पाणी घालायचा पगार मिळतो," असे म्हणून ते हसले. त्यांच्यामागे भिंतीला सुतळीने बांधलेली एक वही लटकत होती. तिच्यात पेन्सिलीने तारखा आणि पुढे आकडे होते: १४, १७, १६, १९. ते टँकर होते. विक्री कार्यालयात आम्हाला 'शंभर टक्के पुनर्वापर केलेले पाणी' असे सांगितले गेले होते.

हिशेब साधा आहे आणि तो कोणालाही करता येतो. आपल्या भागातल्या कडक उन्हाळ्यात हिरवळ टवटवीत ठेवायला दिवसाला सुमारे ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर; म्हणजे एकरी रोज सुमारे २४,००० लिटर. नऊ होलच्या मैदानात प्रत्यक्ष भिजवायचे गवत २५ एकर धरले, तर रोजचे ६ लाख लिटर झाले. टँकर १०,००० लिटरचा असेल तर साठ फेऱ्या. वहीतल्या आकड्यांवरून मैदानाचा किती भाग भिजत होता, हे तुम्हीच काढा. बाकीचा भाग आम्ही पिवळा पडलेला पाहिला होता.

आता सांडपाण्याकडे वळू. माणशी दिवसाला १३५ लिटर वापर आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी, हा नियोजनातला रूढ आकडा आहे. तीनशे घरे, घरटी चार माणसे, सगळी घरे भरलेली, असे गृहीत धरले तरी प्रक्रिया केंद्रातून रोज सुमारे १ लाख ३० हजार लिटर पाणी मिळेल. ते पाच-साडेपाच एकरांना पुरते. आणि रिसॉर्टमधली घरे भरलेली असतात कधी? शनिवार-रविवार. सोमवार ते शुक्रवार चौथा हिस्सा घरे उघडी असतील, तर हे पाणी ३२ हजार लिटरवर येते आणि जेमतेम सव्वा एकराला पुरते. जिथे माणसे राहतच नाहीत तिथे सांडपाण्यावर मैदान हिरवे राहील असे कोणी सांगितले, तर त्याला हा गुणाकार करून दाखवावा.

उरलेले पाणी येते कोठून, हा खरा प्रश्न. तळे दाखवले जाईल. ज्यांनी शेततळे केले आहे त्यांना ठाऊक असेल की एक एकराचे, तीन मीटर खोल तळे काठोकाठ भरले तरी त्यात १ कोटी २१ लाख लिटर मावते; रोजच्या ६ लाखांनी ते वीस दिवसांत संपते, आणि बाष्पीभवन अजून धरलेलेच नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून पाऊस लागेपर्यंत जवळजवळ सव्वाशे दिवस काढायचे असतात. धरणाचे पाणी असेल तर जलसंपदा विभागाचा मंजुरी आदेश पाहावा. त्यात प्रमाण आणि मुदत लिहिलेली असते. टंचाईत पिण्याच्या पाण्याला प्राधान्य मिळते आणि मैदान रांगेत शेवटी उभे राहते, तेच योग्यही आहे. बोअर असतील तर किती, किती खोल आणि मार्चनंतर किती चालतात, हे विचारावे. २०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीपत्रात पाण्याचा ताळेबंद दिलेला असतो. विक्री कार्यालयातल्या आकड्यांपेक्षा तो ताळेबंद वाचावा.

चेंडू कोठे पडतो

नकाशावर मैदानाला चिकटलेले प्रत्येक घर सारख्याच जादा दराने विकले जाते, पण ती घरे सारखी नसतात. जिथून पहिला फटका मारतात त्या जागेला टी म्हणतात, आणि झेंडा असतो ते ग्रीन. बहुतेक खेळाडू उजखोरे असतात आणि नवशिक्या उजखोऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळतो. म्हणून टीवर उभे राहून ग्रीनकडे तोंड केले असता उजव्या हाताला, दीडशे ते सव्वादोनशे मीटरच्या पट्ट्यात येणारी घरे चेंडूंच्या वाटेत असतात. डाव्या बाजूची किंवा टीच्या मागची घरे त्या मानाने निवांत. चेंडूचे वजन जेमतेम ४६ ग्रॅम असते, पण हौशी खेळाडूच्या फटक्यातही तो ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने सुटू शकतो. आम्ही पाहिलेल्या एका नमुना बंगल्याच्या गच्चीवर, पन्हळीच्या तोंडाशी, तीन चेंडू पालापाचोळ्यात अडकलेले होते. सोबतच्या मुलाने ते पायाने हळूच बाजूला सारले.

घर निवडण्यापूर्वी तिथे रविवारी सकाळी दोन तास नुसते बसावे. काच फुटली तर भरपाई कोण देणार, आणि चेंडूंचा धोका खरेदीदाराने मान्य केला आहे असे वाक्य करारनाम्यात दडले आहे का, हे पाहावे. ग्रीनवरचे गवत तीन-चार मिलिमीटरवर ठेवण्यासाठी ते जवळजवळ रोज कापावे लागते, आणि यंत्र पहाटे सुरू होते. कीडनाशकांची फवारणीही होते. दमेकरी किंवा लहान मूल घरात असेल तर वेळापत्रक विचारून घ्यावे.

क्लब आणि दरमहाचा खर्च

सभासदत्व घरासोबत 'मोफत' असते तेव्हा ते बहुधा वापराचा परवाना असते, मालकी नसते. घर विकले तर ते नव्या मालकाकडे जाते का, त्यासाठी हस्तांतरण शुल्क किती, वारसांना मिळते का, लग्न झालेला मुलगा व सून त्यात येतात का, आणि खेळण्याचे शुल्क दर फेरीला वेगळे आहे का, हे लेखी घ्यावे. क्लब बाहेरच्यांनाही सभासदत्व विकू शकतो; मग रविवारी आपल्यालाच जागा मिळत नाही.

देखभाल खर्चाचे गणित रात्रींमध्ये मांडावे. समजा महिना १२,००० रुपये आहेत; वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. सोलापूरहून अडीचशे किलोमीटर जाऊन आपण वर्षात चोवीस रात्री राहिलो, आणि हे उत्साहाने धरले आहे, तर एका रात्रीचे ६,००० रुपये झाले, घराची किंमत व डिझेल वगळून. चालू प्रकल्पात क्लबचे आणि सोसायटीचे मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत आणि थकबाकीदार किती आहेत ते पाहावे. घरे रिकामी राहतात तिथे थकबाकी वाढते आणि पहिली कात्री मैदानाच्या पाण्याला लागते. 'दरमहा खात्रीचे भाडे' देणाऱ्या योजनेबद्दल एवढेच सांगतो की ते भाडे बहुतेक वेळा आधीच घराच्या किमतीत चढवलेले असते.

करांचे थोडक्यात: बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारा दाखला) मिळालेल्या घरावर लागत नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून आधीच कापायचा कर) खरेदीदाराने कापून भरायचा असतो. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, तेव्हा उरलेल्या रकमेची तजवीज आधी करावी. प्रकल्प कलबुर्गी, विजयपूर किंवा हैदराबादच्या बाजूला असेल, तर तिथले रेरा प्राधिकरण, मुद्रांक दर आणि जमिनीचे कायदे वेगळे. इथल्या वकिलाच्या भरवशावर राहू नये.

घराजवळचा पर्याय शोधणाऱ्यांसाठी

भिगवण-इंदापूरच्या बाजूला उजनीच्या फुगवट्याकाठी प्लॉट विकले जातात. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात आणि सौदा पटकन होतो. पण काठावरची पुष्कळ जमीन धरणासाठी संपादित झालेली आहे आणि पाणी ओसरल्यावर ती गाळपेरीला दिली जाते. मोजणीची 'क' प्रत (जमिनीच्या हद्दींचा सरकारी मोजणी नकाशा) आणि जलसंपदा विभागाची संपादन रेषा जुळवल्याशिवाय विसार देऊ नये. नदीकाठच्या जागेसाठी निळी व लाल पूररेषा पाहावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरामुळे सोलापूर-पुणे महामार्गही बंद करावा लागला होता. नान्नजच्या बाजूला माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि त्याच्या परिसरात बांधकामावर निर्बंध येतात, म्हणून तिथे आधी वन विभागाकडे चौकशी करावी.

मेव्हण्यांनी अखेर एका जुन्या, पूर्ण झालेल्या वसाहतीत दुसऱ्या मालकाकडून दोन खोल्यांचे घर घेतले. भोगवटा प्रमाणपत्र होते, सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झालेले होते (म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीकडे आलेली होती), मैदान लहान पण सोसायटीच्याच जमिनीवर होते, आणि घर टीच्या मागे डावीकडे होते. दुपारी दोन वाजता नळ सोडून पाहिला, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चहा घेतला आणि उन्हाळ्यात टँकर किती येतात ते विचारले. "मे महिन्यात दिवसाआड एक," असे त्यांनी सांगितले, आणि ते खरे निघाले. तिकडे जाताना वीस लिटरचे दोन जार आम्ही अजूनही डिकीत टाकतो.